हातानं चालते, रात्री चालत नाही: क्रॉनमधली स्क्रिप्ट बंद पडते तेव्हा

जिनिंगच्या काट्यावरच्या पावत्या, दूध संकलन केंद्राचा हिशेब, पतसंस्थेचा रोजचा बॅकअप. आमच्या तालुक्यात लिनक्सच्या थोड्याच मशीन आहेत, पण जिथं आहे तिथं रात्री आपोआप चालणारी एखादी शेल स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची फाइल, असतेच. ठरलेल्या वेळी ती चालवतो तो क्रॉन हा प्रोग्राम, आणि त्याच्या नोंदींची यादी म्हणजे क्रॉनटॅब. कापसाचा हंगाम सुरू झाला की सकाळचे फोनही सुरू होतात: “भाऊ, हातानं चालवली तं बरोबर चालते, रात्री काऊन नाही चालत?”

तक्रार एकच असली तरी कारणं बरीच असतात. मात्र स्क्रिप्टचा तर्क चुकलेला क्वचितच सापडतो. तुम्ही लॉगिन करता तेव्हा मशीन न सांगता बऱ्याच गोष्टी तुमच्या हाती देतं: पाथ (आज्ञा कुठे शोधायच्या त्या फोल्डरांची यादी), भाषा, चालू फोल्डर, उघडलेली किल्ली, जोडलेला पेनड्राइव्ह. क्रॉन यातलं जवळजवळ काहीच देत नाही. आणि विदर्भाच्या गावात त्याच्याही आधीचा प्रश्न असतो की त्या वेळी लाईन होती का.

खाली आज्ञा आणि पत्ते उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलमध्ये ते इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाइप करा.

लक्षणं

तुमचं लक्षण यातलं कोणतं, ते आधी ठरवा. त्यावरून निम्मी वाट कळते.

– रात्रीची फाइल तयारच झालेली नाही. लॉग नाही, चूक नाही, काहीच नाही. (तपासणी १, २ आणि ४)
– फाइल रोज होते, पण रिकामी किंवा सारख्याच इवल्याशा आकाराची. (५)
– काही रात्री चालते, काही रात्री नाही. (१ आणि ७)
– चालते, पण भलत्याच वेळी. (१)
– मध्येच थांबते. निम्मं काम झालेलं, निम्मं राहिलेलं. (५ ते ९)
– कालपर्यंत चालत होती, आज अचानक बंद. मग काल त्या मशीनवर कोणी काय केलं ते विचारा. पासवर्ड बदलला, पेनड्राइव्ह बदलला, स्क्रिप्ट विंडोजवर उघडून सेव्ह केली, यातलं काहीतरी निघतं.

कशालाही हात लावण्याआधी

‘क्रॉनटॅब -एल’ चालवून सगळ्या नोंदी पाहा आणि त्या एका फाइलमध्ये साठवून ठेवा. कारण असं की नोंदी बदलायला ‘-ई’ लागतं आणि पुसायला ‘-आर’, आणि ही दोन अक्षरं कीबोर्डवर शेजारी शेजारी आहेत. ‘-आर’ बहुतेक मशीनवर काही न विचारता सगळं पुसून टाकतं. फोनवरून कोणाला आज्ञा सांगत असाल तर हे आधी करून घ्याच.

स्क्रिप्ट मात्र अजून उघडू नका. कारण न कळता केलेली दुरुस्ती दुसऱ्या दिवशी आणखी एक बिघाड होऊन समोर येते.

१. मशीन चालू होतं का, आणि त्याला वाजले किती होते?

ही तपासणी फुकट आहे आणि गावाकडे सगळ्यात जास्त उत्तरं इथंच मिळतात. ‘लास्ट -एक्स’ चालवा. मशीन कधी सुरू झालं, कधी बंद झालं ते दिसतं. पुढे ‘क्रॅश’ असं दिसलं तर ते नीट बंद न होता गेलेलं असतं, म्हणजे बहुधा लाईन गेली. डीपी जळाली, जम्पर उडालं, किंवा साधी गोष्ट, म्हणजे चौकीदारानं जाताना मेन स्विच पाडला. दोन वाजताची नोंद आणि अकरा वाजता पाडलेला स्विच यांचं जमत नाही, आणि क्रॉन चुकलेलं काम नंतर उठून करत नाही. ती वेळ गेली की गेली.

यावर उपाय स्वस्त आहेत. पहिला म्हणजे वेळच बदला. बॅकअप रात्री दोनलाच घ्यायचा, ही मोठ्या शहरातल्या सर्व्हरची सवय आहे. तुमचा काटा संध्याकाळी सातला बंद होत असेल तर सव्वासातची नोंद टाका, माणूस समोर असताना काम उरकतं. मी बहुतेक ठिकाणी हेच सुचवतो.

दुसरा उपाय मशीनच्या बायोसमध्ये, म्हणजे सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये, आहे. लाईन परत आल्यावर आपोआप सुरू व्हायचं की बंदच राहायचं, याची तिथं एक सोय असते. अनेक डेस्कटॉप मुळात ‘बंदच राहा’ वर असतात, ते बदला. इन्व्हर्टर असेल तर त्याचं बटण ‘यूपीएस’ मोडवर आहे का तेही पाहा. साध्या मोडवर लाईन बदलताना लागणारा क्षण टीव्हीला चालतो, डेस्कटॉपला चालत नाही.

तिसरा उपाय, चुकलेलं काम नंतर करून घेणारी यंत्रणा. रोजच्या, आठवड्याच्या कामांना ‘ॲनाक्रॉन’ आहे. ‘सिस्टिमडी’ (मशीनच्या सेवा सांभाळणारी यंत्रणा) असेल तर टायमर बनवून त्यात ‘पर्सिस्टंट’ ही सोय चालू करता येते. मशीन सुरू झालं की राहिलेलं काम लगेच होतं.

आता घड्याळ. ‘टाइमडेटसीटीएल’ चालवा आणि वेळ व टाइमझोन दोन्ही वाचा. टाइमझोन ‘यूटीसी’ (जागतिक प्रमाणवेळ) असेल तर दोनची नोंद आपल्याकडे सकाळी साडेसातला चालते, नेमकी पहिली गाडी काट्यावर उभी असताना. टाइमझोन ‘आशिया/कोलकाता’ करा आणि त्यानंतर क्रॉन एकदा रीस्टार्ट करा, नाहीतर ते जुन्याच वेळेनं चालत राहू शकतं.

रास्पबेरी पाय हा छोटा संगणक वापरत असाल तर इथं जास्त वेळ द्या. पाय ४ आणि त्याआधीच्या मॉडेलांत बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. पाय ५ मध्ये आहे, पण बॅटरी वेगळी जोडावी लागते. लाईन जाऊन परत आली की पाय शेवटी साठवलेली वेळ घेऊन उठतो आणि नेट मिळाल्यावर खऱ्या वेळेवर उडी मारतो. डेबियनच्या क्रॉनचा नियम असा की उडी तीन तासांपेक्षा लहान असेल तर मधली ठरलेली कामं लगेच उरकली जातात, पण त्याहून मोठी असेल तर घड्याळ दुरुस्त झालं असं समजून मधली कामं सोडून दिली जातात. म्हणून दोन तास लाईन गेली तर बॅकअप मिळतो आणि पाच तास गेली तर मिळत नाही. ‘कधी चालते, कधी नाही’ या तक्रारीमागे हे बऱ्याचदा निघतं. डेस्कटॉपमध्ये हाच प्रकार मदरबोर्डवरचा ‘सीआर २०३२’ सेल संपल्यावर होतो. गावातल्या घड्याळाच्या दुकानातही तो सेल मिळतो.

२. क्रॉननं नोंद उचलली का?

उबुंटू-डेबियनवर ‘जर्नलसीटीएल -यू क्रॉन’ चालवा किंवा ‘/व्हार/लॉग/सिसलॉग’ मध्ये क्रॉन शोधा. फेडोरा किंवा रेड हॅट घराण्यात सेवेचं नाव ‘क्रॉनडी’ आहे आणि लॉग ‘/व्हार/लॉग/क्रॉन’ मध्ये असतो. ठरलेल्या वेळेपुढे तुमच्या आज्ञेची ओळ दिसली तर क्रॉननं आपलं काम केलं, दोष पुढे आहे. ओळच नसेल तर क्रॉन चालू आहे का पाहा आणि नोंद कोणाच्या नावावर आहे ते पाहा. प्रत्येक वापरकर्त्याचा क्रॉनटॅब वेगळा असतो. तुम्ही ‘रूट’ (मशीनचा मुख्य वापरकर्ता) म्हणून शोधता आणि नोंद ऑपरेटरच्या नावावर असते, हे नेहमीचं आहे.

‘नो एमटीए इन्स्टॉल्ड, डिस्कार्डिंग आउटपुट’ अशी ओळ दिसली तर आनंद माना. याचा अर्थ स्क्रिप्ट चालली, काहीतरी बोलली, पण तिचं बोलणं मेलनं पाठवायची सोय मशीनवर नसल्यानं क्रॉननं ते फेकून दिलं. ते बोलणंच आपल्याला हवं आहे.

३. स्क्रिप्टचं बोलणं साठवा

क्रॉनटॅबच्या ओळीच्या शेवटी ‘>>’, मग लॉग फाइलचा पूर्ण पत्ता, मग ‘२>&१’ लावा. क्रम हाच ठेवा. ‘२>&१’ आधी लिहिलं तर चुकांचे संदेश फाइलमध्ये जात नाहीत आणि लॉग कोरा पाहून तुम्ही सगळं ठीक समजता. स्क्रिप्टच्या वरच्या भागात ‘सेट -एक्स’ ही ओळ काही दिवस टाकली तर कोणती आज्ञा कुठे अडली ते ओळीनं उमटतं. मात्र स्क्रिप्टमध्ये पासवर्ड असेल तर तोही लॉगमध्ये उमटेल, एवढं ध्यानात ठेवा.

आता पाच मिनिटांनंतरची एक नोंद टाका आणि वाट पाहा. इथून पुढे लॉगमध्ये काय येतं त्यावर चालायचं.

४. नोंदीच्या ओळीतला घोळ

टक्क्याचं चिन्ह सगळ्यात फसवं. फाइलच्या नावात तारीख यावी म्हणून लोक क्रॉनटॅबच्या ओळीतच ‘डेट’ लिहितात आणि त्यात ‘%’ असतं. क्रॉनसाठी ‘%’ म्हणजे ओळ संपली. पुढचा मजकूर आज्ञेत राहत नाही, तो आज्ञेला इनपुट म्हणून जातो. टर्मिनलमध्ये तीच ओळ बिनचूक चालते, म्हणून माणूस चक्रावतो. प्रत्येक ‘%’ आधी ‘\’ लावा किंवा तारखेचं काम स्क्रिप्टच्या आत न्या.

बाकीचं भराभर. शेवटच्या ओळीनंतर एंटर दाबलेलं असावं. ‘/ईटीसी/क्रॉन.डी’ मधल्या ओळीत वेळेनंतर वापरकर्त्याचं नाव लागतं, स्वतःच्या क्रॉनटॅबमध्ये लागत नाही. डेबियनवर ‘क्रॉन.डेली’ मध्ये टाकलेल्या फाइलच्या नावात टिंब असेल, जसं ‘बॅकअप.एसएच’, तर ती फाइल गुपचूप वगळली जाते. आणि महिन्याची तारीख व वार दोन्ही खाने भरले तर क्रॉन ‘दोन्ही जुळले तर’ असं पाहत नाही, कोणताही एक जुळला की चालवतो. महिन्यातून एकदा अपेक्षित काम दर सोमवारीही होत असेल तर कारण हेच.

५. पाथ

लॉगमध्ये ‘नॉट फाउंड’ आलं असेल किंवा स्क्रिप्ट १२७ हा क्रमांक देऊन संपत असेल तर इथंच थांबा. डेबियनच्या क्रॉनला साधारणपणे ‘/यूएसआर/बिन’ आणि ‘/बिन’ एवढीच दोन ठिकाणं माहीत असतात. तुम्ही ‘/यूएसआर/लोकल/बिन’ मध्ये टाकलेलं किंवा ‘/ऑप्ट’ खाली बसवलेलं त्याला दिसत नाही. आमच्याकडे झॅम्प (वेब सर्व्हर आणि डेटाबेस एकत्र बसवणारा संच) बसवून त्यावर हिशेबाचं सॉफ्टवेअर चालवणारे बरेच आहेत. डेटाबेसची प्रत काढणारा त्याचा ‘मायएसक्यूएलडम्प’ हा ‘/ऑप्ट/लॅम्प/बिन’ मध्ये असतो, आणि तिथल्या फोल्डरच्या नावात इंग्रजी एल आहे, एक्स नाही.

इथं एक घातक प्रकार घडतो. स्क्रिप्टमध्ये डम्प पाइपमधून (एका आज्ञेचं आउटपुट दुसरीला देणारी जोडणी) फाइल लहान करणाऱ्या ‘जीझिप’कडे दिलेला असतो. डम्प सापडत नाही, पण जीझिप आपलं काम चोख करतो आणि शून्य मजकुराची व्यवस्थित फाइल बनवून यश कळवतो. ती फाइल २० बाइटची असते. रोज रात्री तारीख घालून नवी फाइल तयार होते, फोल्डर भरलेलं दिसतं, कोणाला शंका येत नाही, आणि हार्डडिस्क गेल्यावर कळतं की हंगामाचा एकही बॅकअप नाही. म्हणून आत्ताच तुमच्या बॅकअपच्या फाइलींचे आकार पाहा. सगळ्या २० बाइटच्या असतील तर पुढचं वाचण्याआधी आज हातानं एक बॅकअप घ्या. नंतर स्क्रिप्ट बॅशची करून वर ‘सेट -ओ पाइपफेल’ लिहा, म्हणजे पाइपमधली कोणतीही आज्ञा पडली तरी पडली म्हणून कळेल.

पाथची दुरुस्ती सोपी आहे. स्क्रिप्टच्या सुरुवातीला पूर्ण पाथ स्वतः लिहा किंवा प्रत्येक आज्ञेचा पूर्ण पत्ता द्या. ‘.बॅशआरसी’ ओढून घेण्याचा सल्ला बरेच देतात. तो मला पटत नाही, कारण उबुंटूवर त्या फाइलच्या सुरुवातीलाच, समोर माणूस नसेल तर परत फिर, अशी ओळ असते. फाइल वाचली जाते आणि हाती काही लागत नाही.

फाइलींचे पत्तेही पूर्ण हवेत. क्रॉन काम सुरू करतो ते वापरकर्त्याच्या होम फोल्डरमधून, तुमची स्क्रिप्ट जिथं आहे तिथून नव्हे. ‘डेटा/पावत्या’ असं अर्धवट लिहिलं असेल तर ते होममध्ये शोधलं जाणार.

६. शेल आणि विंडोजची शेपटी

शेल म्हणजे आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्राम. क्रॉन आपली ओळ ‘/बिन/एसएच’ या शेलमधून चालवतो. उबुंटूवर २००६ पासून, ६.१० या आवृत्तीपासून, तो नेहमीचा बॅश नसून डॅश हा साधा शेल आहे. डॅशला दुहेरी चौकटी कंस, अ‍ॅरे, ‘सोर्स’ यातलं काही कळत नाही. स्क्रिप्टची पहिली ओळ ‘#!/बिन/बॅश’ आहे ना पाहा, आणि नोंदीत ‘एसएच’ लिहून तिला चालवू नका, कारण मग पहिली ओळ नुसती टिप्पणी ठरते.

‘बॅड इंटरप्रिटर’ आलं, किंवा फाइल डोळ्यांसमोर असताना ‘नो सच फाइल’ आलं, तर ती विंडोजच्या नोटपॅडमध्ये सेव्ह झाली असेल. तिथं ओळीच्या शेवटी एक जास्तीचं अदृश्य अक्षर बसतं. ‘डॉसटूयुनिक्स’ चालवा, काम झालं. ‘परमिशन डिनाइड’ असेल तर ‘सीएचमॉड +एक्स’.

७. पेनड्राइव्ह आणि बाहेरची डिस्क

डेस्कटॉपवर पेनड्राइव्ह लावला की तो ‘/मीडिया’ खाली आपोआप उघडतो, पण ती सोय लॉगिन केलेल्या माणसासाठी आहे. रात्री लाईन गेली, मशीन परत उठलं, लॉगिनच्या पडद्यावर थांबलं, की पेनड्राइव्ह लावलेला असूनही जोडलेला नसतो. त्यात स्क्रिप्टमध्ये ‘फोल्डर नसेल तर बनव’ असं लिहिलेलं असलं तर ती त्याच नावाचं फोल्डर आतल्या डिस्कवर बनवते आणि तिथंच भरत जाते. महिन्याभरानं मुख्य डिस्क भरते आणि हिशेबाचं सॉफ्टवेअरच बंद पडतं.

‘/ईटीसी/एफएसटॅब’ मध्ये डिस्कची कायमची नोंद करा, तिच्या ‘यूयूआयडी’नं (डिस्कचा ओळख क्रमांक), आणि सोबत ‘नोफेल’ लिहा, नाहीतर डिस्क काढलेली असताना मशीन सुरू होतानाच अडेल. आणि स्क्रिप्टमध्ये कॉपी करण्याआधी ‘माउंटपॉइंट’ आज्ञेनं डिस्क खरंच जोडलेली आहे का ते पाहा, नसेल तर तिथंच थांबवा.

८. मराठी नावं

शेतकऱ्यांची नावं, गावांची नावं फाइलींत मराठीत असतील तर क्रॉनमध्ये भाषा ठरवणारं ‘लँग’ रिकामं असल्याचा त्रास होऊ शकतो. ३.७ च्या आधीचा पायथन अशा वेळी ‘युनिकोड एन्कोड एरर’ देऊन थांबतो. याद्यांचा क्रमही बदलू शकतो. क्रॉनटॅबच्या वर ‘लँग=सी.यूटीएफ-८’ लिहा. मराठी लोकेल (भाषेची सेटिंग) लावायचा मोह आवरा, कारण मग महिन्यांची नावं मराठीत येतात आणि तारखेवरून शोधली जाणारी फाइल सापडत नाही.

९. किल्ली, पासवर्ड आणि नेट

जिल्ह्याच्या कार्यालयातल्या सर्व्हरवर फाइल पाठवायची असेल तर दिवसा एसएसएचची किल्ली (दूरच्या सर्व्हरवर शिरायला लागणारी फाइल) तुमच्या लॉगिनमुळे उघडलेली असते. रात्री ती उघडायला कोणी नसतं. या कामापुरती वेगळी, पासवर्ड नसलेली किल्ली बनवा आणि तिकडच्या सर्व्हरवर तिला एवढंच काम करायची मुभा द्या. स्क्रिप्टमध्ये ‘सुडो’ (रूटच्या अधिकारानं काम करणारी आज्ञा) असेल तर तोही पासवर्डसाठी अडतो. ते काम रूटच्या क्रॉनटॅबमध्ये न्या, पण होम फोल्डर बदलेल, त्यामुळे ‘.माय.सीएनएफ’ मध्ये ठेवलेला डेटाबेसचा पासवर्ड आणि ओळखीच्या सर्व्हरांची यादी तिथं पुन्हा द्यावी लागेल.

डोंगलचं नेट हळू असलं की कालची प्रत जात असतानाच आजची सुरू होते. नोंदीत ‘एफलॉक’ लावा, म्हणजे आधीचं संपल्याशिवाय दुसरं सुरू होत नाही. ‘@रीबूट’ ची नोंद असेल तर ती नेट येण्याआधीच चालू शकते, तिला थांबून पुन्हा प्रयत्न करायला शिकवा.

एवढ्यावरही सापडलं नाही तर क्रॉनची तालीम करा. ‘एन्व्ह -आय’ नंतर होम आणि दोन ठिकाणांचा तुटपुंजा पाथ देऊन ‘/बिन/एसएच’ मधून स्क्रिप्ट चालवा. रात्रीची चूक बहुतेक वेळा दिवसाउजेडी समोर येते.

कुठे थांबायचं

लॉगमध्ये ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टिम’ किंवा ‘इनपुट/आउटपुट एरर’ दिसला तर हा स्क्रिप्टचा विषय राहिला नाही. डिस्क किंवा मेमरी कार्ड जात आहे. मशीन पुन्हा पुन्हा सुरू करू नका, चालू डिस्कवर ‘एफएससीके’ (डिस्क तपासून दुरुस्त करणारी आज्ञा) चालवू नका. जमेल तेवढा डेटा दुसरीकडे कॉपी करा आणि डेटा परत मिळवून देणाऱ्या माणसाला बोलवा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना पत्र्याच्या खोलीतलं मशीन दुपारी आपोआप बंद होत असेल, किंवा वीज कडाडल्यानंतर नेटचं पोर्ट मेलं असेल, तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या.

पतसंस्थेचा किंवा लोकांच्या पैशांचा डेटाबेस असेल तर चालू डेटाबेसच्या फाइली थेट कॉपी करणारी स्क्रिप्ट स्वतः लिहू नका. ती प्रत उघडेलच असं नाही. सॉफ्टवेअर देणाऱ्याकडून बॅकअपची अधिकृत पद्धत लेखी मागा.

आणि क्रॉनटॅबमध्ये तुम्ही किंवा तुमच्या माणसानं न टाकलेली ओळ दिसली, दर काही मिनिटांनी नेटवरून काहीतरी उतरवून चालवणारी, तर ती नुसती पुसून मोकळे होऊ नका. नेटची केबल काढा, डोंगल काढा, मशीन तसंच चालू राहू द्या आणि सुरक्षेचं काम जाणणाऱ्याला बोलवा. तो येईपर्यंत त्या मशीनवरून बँकेचं काही करू नका आणि तिथले पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदलून घ्या. बोलावलेल्या माणसाच्या हाती साठवलेला क्रॉनटॅब, लॉग फाइल आणि ‘लास्ट -एक्स’चा फोटो एवढं दिलं तरी त्याचा निम्मा दिवस वाचतो.